शिंप्याच्या प्रवेशाला तीन होकार

काकांना नाटकातून काढलं.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. आमच्याकडे पाचांपैकी तिघांनी हो म्हटल्याशिवाय काहीही घडत नाही आणि तसं अजून झालेलं नाही. वाक्य चुकून आधी बाहेर पडलं. अशी वाक्यं आधी बाहेर पडू नयेत, याचाच मला दरमहा पगार मिळतो, त्यामुळे जरा ओशाळल्यासारखं झालंय.

तर, काका नाटकात आहेत.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या नाटकमंडळीत ते शिंपी आहेत. म्हणजे खरे शिंपी नव्हेत. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि त्यांना साधं बटण लावता येत नाही. पण तिसऱ्या अंकात दारावर टकटक होते, काका हातावर कोट घेऊन आत येतात आणि नायकाला सांगतात, की तुझ्या वडिलांनी जाण्याआधी तुझ्यासाठी हा शिवायला टाकला होता. नायक घर कायमचं सोडून निघालेला असतो. कोट बघतो आणि थांबतो. शिंप्याचं भाषण पानभर आहे. काका ते इतकी वर्षं म्हणत आलेत, की मधल्या काळात कोटाचं अस्तर दोनदा बदललं, भाषणातला एक शब्द नाही.

हल्ली मात्र शब्द बदलायला लागले होते. आधी एखादं वाक्य गळायचं, मग दोन-चार. परवाच्या प्रयोगात काकांनी कोट पुढे केला आणि तसेच उभे राहिले. प्रेक्षकांना वाटलं, हा माणूस कोट विकायला आलाय. थोडे हसले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. घरी येईपर्यंत काका ते विसरले आणि आत्या म्हणाली, "निदान बरोबर दिसतंय."

आता प्रतींचं सांगते. आमच्या नाटकाच्या संहितेच्या पाच प्रती आहेत. एक दिग्दर्शिकेकडे, नाटक त्यांनीच लिहिलंय आणि त्यांना सगळे बाई म्हणतात. एक नायकाकडे, त्याची चाळिशी कधीच उलटली, पण नाटकात तो अजून घर सोडून जायच्या वयाचा आहे. एक दिवे सांभाळणाऱ्याकडे, ज्याला आम्ही उजेड म्हणतो, कारण रंगमंच सोडून इतर कुठे त्यानं तो पाडलेला नाही. एक माझ्या आत्याकडे. ती काकांची धाकटी बहीण, विंगेत उभी राहून विसरलेली वाक्यं पुरवते. आणि पाचवी काकांकडे.

पूर्वी या पाच प्रतींचं एकमेकींशी पटत नसे. बाईंना आंघोळ करताना वाक्यं सुचतात. त्या बाहेर येऊन समोर जो दिसेल त्याला बदल सांगायच्या आणि सगळ्यांना सांगून झालं असं समजायच्या. एकदा त्यांनी नायकाच्या रडण्याची जागा खुर्चीवरून जिन्यावर नेली. नायकाला सांगितलं, उजेडला नाही. नायक जिन्यावर अंधारात मनसोक्त रडला आणि भर प्रकाशात एक रिकामी खुर्ची दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या खुर्चीचं कौतुक छापून आलं. नायक आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

मी तेव्हा नोकरीला नवीन लागले होते. आमची कंपनी दंतवैद्यांच्या भेटीच्या वेळा सांभाळते. एकच माहिती पाच गावांतल्या पाच संगणकांवर ठेवायची, म्हणजे त्यांतले दोन जळाले, बुडाले किंवा नुसते रुसले, तरी कुणाची दाढ अडून राहत नाही. प्रती ठेवणं सोपं आहे. त्या बदलणं कठीण. एका प्रतीत मंगळवार झाला आणि दुसरीत सोमवारच राहिला, तर एकाच खुर्चीपाशी दोन माणसं तोंड उघडून उभी राहतात. यासाठी एक पद्धत असते. मी ती एका तालमीनंतर मंडळींना समजावून सांगितली.

पाचांतला एक जण पुढारी. बदल त्यानंच सुचवायचा, क्रमांक घालून. बाकीच्यांनी तो आपापल्या प्रतीत पेन्सिलीनं लिहायचा आणि हो कळवायचं. पुढारी धरून तीन हो झाले, की पुढाऱ्यानं 'पक्कं' म्हणायचं आणि सगळ्यांनी पेन्सिलीवर शाई फिरवायची. उरलेले दोघं आजारी असोत नाहीतर प्रवासात, त्यांच्यासाठी थांबायचं नाही. ते आले की दुसऱ्याच्या प्रतीवरून उतरवून घेतील. पुढाऱ्यानं रोज सकाळी प्रत्येकाला फोन करून नुसतं 'आहे' म्हणायचं. फोन आला नाही, तर पुढारी गेला असं समजायचं आणि जे कोणी तिघं जमतील त्यांनी नवा नेमायचा.

"गेला म्हणजे?" बाईंनी विचारलं. पुढारी त्याच होत्या.

"म्हणजे संपर्कात नाही."

"मला सर्दी झाली तरी तुम्ही मला गेली म्हणणार."

"सर्दी झाली तर फोन करून शिंका. तेवढं पुरतं."

नायकाला यात खोट दिसली. त्याला कशातही आधी खोट दिसते. "समज, इकडे तिघांनी एक पक्कं केलं आणि तिकडे तिघांनी भलतंच पक्कं केलं, तर?"

"पाच माणसांत तिघांच्या दोन टोळ्या करून दाखव," मी म्हणाले.

त्यानं बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताची मोजली. मग उजेडची दोन उसनी घेतली.

"एक जण दोन्हीकडे येतोय," तो शेवटी म्हणाला.

"येणारच. तो दुसऱ्या टोळीत गेला की सांगतो, बाबांनो, मी आधीच अमुक गोष्टीला हो म्हणून आलोय. तो सांगतो म्हणून गोंधळ होत नाही. सगळी पद्धत त्या एका माणसावर उभी आहे."

"म्हणजे चुगलखोर हवा," उजेड म्हणाला.

"हो. पण प्रामाणिक."

काका कोपऱ्यात बसून मन लावून ऐकत होते. "छान आहे," ते म्हणाले. "नकाशांना असं काही असतं तर किती भांडणं वाचली असती."

पद्धत चांगली चालली. नायक पुन्हा कधी अंधारात रडला नाही.

मग दुसऱ्या गावचा प्रयोग ठरला. नेपथ्याचा ट्रक घेऊन आत्या आणि उजेड तीन दिवस आधी पुढे गेले आणि तिथल्या वाऱ्यानं फोनचा टॉवर वाकवला. त्यांचा आमचा संपर्क तुटला. आणि नेमक्या त्याच वेळी बाईंनी मला फोन करून सांगितलं, की एक बदल सुचवायचाय: शिंप्याचा प्रवेश काढायचा. नायक खिडकीबाहेर बघतो आणि घर सोडायचा विचार सोडून देतो.

बाईच पुढे बोलल्या. "तुला वाटेल मी निर्दय आहे."

"मला काही वाटलं तरी मला मत नाही. माझ्याकडे प्रत नाही."

"मला त्यांची फजिती बघवत नाही गं. लोक हसले परवा. मला लोक हसलेले चालतात, पण मी लिहिलंय तिथं हसावं." मग त्यांनी नाक ओढलं. सर्दी नव्हती.

नायकानं लगेच हो म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत फोन उचलला नाही. मग निरोप लिहून हो कळवलं आणि खाली विचारलं, खिडकीबाहेर नेमकं काय दिसत असतं.

दोन होकार झाले. आत्या आणि उजेड वाऱ्यापलीकडे होते. उरले काका.

काका, आत्या आणि मी एकाच घरात राहतो. काका बाल्कनीत संहिता मांडीवर घेऊन बसले होते. मी प्रस्ताव वाचून दाखवला. नाही म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि ते नाही म्हणावेत म्हणून मी शक्य तितक्या वाईट आवाजात वाचला.

"खिडकीबाहेर बघून राहतो?" काकांनी विचारलं.

"हो."

"बाहेर काय असतं?"

"नायकालाही तेच कळत नाहीये."

त्यांनी शिंप्याचं पान उघडलं. "परवा हसले ना लोक?"

"थोडे."

"मला ऐकू आलं. कान ठणठणीत आहेत माझे." मग त्यांनी पट्टी मागितली. शिंप्याच्या पानावर पट्टी ठेवली आणि ओळ न् ओळ पेन्सिलीनं खोडली. भूगोलाच्या मास्तरांच्या रेघा त्या, एकही तिरकी गेली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि म्हणाले, "कळव. हो म्हणालेत म्हणावं. आणि बाईंना सांग, वाईट वाटून घेऊ नका. बरोबर आहे त्यांचं."

तीन होकार. बाईंनी 'पक्कं' कळवलं. तेव्हा आता सुरुवातीचं ते वाक्य वाचायला हरकत नाही.

फक्त शाई फिरवायची राहिली. पेन सापडेना. "सकाळी फिरवू," काका म्हणाले.

सकाळचं मला नंतर कळलं, पण क्रमानं सांगते. काका रोज सकाळी भाषण वाचून पाठ करतात. त्या दिवशी त्यांनी पान उघडलं आणि बघतात तर सगळ्या ओळींवर रेघा. कुणा वात्रटाचं काम. त्यांनी शांतपणे खोडरबर घेतला आणि एकेक रेघ पुसली. पुसतानाही कागद चुरगळू दिला नाही. मग अंघोळ केली, बॅग भरली आणि नेहमीप्रमाणे एक दिवस आधी निघाले. प्रयोगाच्या गावी आधी जाऊन रिकामा रंगमंच बघून ठेवायची त्यांची सवय आहे. आत्या थांब्यावर उतरवून घेणार हे आधीच ठरलं होतं. मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. कोट त्यांच्या मांडीवर होता. मला वाटलं, नाटक बघायला निघालेत आणि कोट परत करायचाय. मी खिडकीतून त्यांचा हात दाबला. त्यांनीही दाबला. ते का, हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांना माहीत नाही हे मला.

तिकडे आत्याला दोन सकाळी बाईंचा 'आहे' आला नव्हता.

"टॉवर पडलाय, येईल कसा?" उजेड म्हणाला.

"पद्धत म्हणजे पद्धत," आत्या म्हणाली. आमच्या घरात नियम मोडले जातात ते फक्त नियम माहीत नसलेल्यांकडून. "दादा आला की तिघं होतो. नवा पुढारी नेमू."

काका पोहोचले, तिघं झाले आणि आत्या पुढारी झाली. नव्या पुढाऱ्याचं पहिलं काम म्हणजे विचारणं: माझ्या पाठीमागे कच्चंपक्कं काही ठरलंय का? तिनं उजेडला विचारलं. त्याच्याकडे काही नव्हतं. तिनं काकांना विचारलं.

काकांनी आपली प्रत काढली. चष्मा लावला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक पान उलटलं आणि अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं, "काही नाही. माझी प्रत स्वच्छ आहे."

होतीच. पानांच्या मुडपीत खोडरबराचा चुरा होता, पण चुऱ्याबद्दल विचारायची तरतूद मी केलेली नव्हती.

मग आत्यानं तिच्या मनात बरेच दिवस असलेला बदल सुचवला: शिंप्याला बसायला खुर्ची द्यायची आणि दारावर पूर्ण उजेड टाकायचा. "उभा राहिला की दादाचं लक्ष पायांकडे जातं, आणि पायांकडे गेलं की वाक्यं जातात." उजेड हो म्हणाला. काका हो म्हणाले. शाई तिथं होती.

असं झालं. एकाच नाटकात शिंपी नव्हता आणि शिंप्याला खुर्ची होती. दोन्ही गोष्टी रीतसर बहुमतानं. दोन्ही टोळ्यांत आलेला माणूस एकच. आमची पद्धत आग, पूर, भांडण, हरवलेला निरोप, उशिरा आलेला निरोप असं सगळं पोटात घालते. ती एकच गोष्ट गृहीत धरते, आणि ती इतकी उघड आहे की ठळक अक्षरांत कुणी लिहीत नाही: जो हो म्हणाला, त्याला आपण हो म्हणालो हे आठवतं.

बाई, नायक आणि मी प्रयोगाच्या दिवशी निघालो. आमची बस वाटेत बंद पडली. पोहोचलो तेव्हा दुसरी घंटा झाली होती. नायक तोंडाला रंग फासत आत पळाला. बाईंनी समोरच्या विंगेतल्या आत्याला विचारलं, "सगळं ठरल्याप्रमाणे?"

"सगळं ठरल्याप्रमाणे," आत्या म्हणाली. दोघींच्याही दृष्टीनं ते खरंच होतं. पडदा वर गेला.

तिसरा अंक आला. नायकानं बॅग उचलली आणि खिडकीकडे गेला. बाईंनी माझा दंड धरला. "आता बघ. किती साधं होतं ते."

खिडकीवर अंधार पडला. दारावर इतका लख्ख उजेड आला, की दाराचे उडालेले पोपडे मागच्या रांगेतून मोजता यावेत. टकटक झाली.

"हे कोण?" बाई कुजबुजल्या.

दार उघडून काका आत आले.

"शिंपी," मी म्हणाले.

"ते मला दिसतंय. पण मी त्याला काढलंय."

तिकडे नायक गडद अंधारात उभा राहून खिडकीला सांगत होता, की त्याला आता सगळं स्पष्ट दिसतंय. कुणालाच तो दिसत नव्हता. इकडे काका खुर्चीपाशी आले, बसले, कोट मांडीवर घेतला आणि थांबले. पाय टेकलेले होते, लक्ष पायांकडे नव्हतं. वाक्यं तरीही आली नाहीत. समोरच्या विंगेतून आत्यानं पहिलं वाक्य पुरवलं. काकांनी मान वळवली आणि मोठ्यानं विचारलं, "काय गं?"

कुणीतरी हसलं. बाईंनी जिथं लिहिलं नव्हतं तिथलं ते हसू. माझा दंड सुटला. बाईंनी डोळ्यांवर हात घेतला होता.

नायकाच्या प्रतीत शिंपी नव्हता. खिडकीपाशी उभं राहून तो अंक संपवू शकला असता. त्याच्यामागे बहुमत होतं. तो अंधारातून चालत उजेडात आला, बॅग खाली ठेवली आणि काकांच्या समोर तिच्यावरच बसला.

"तुम्ही शिंपी ना?" त्यानं विचारलं.

"होय."

"माझ्या वडिलांनी तुमच्याकडे हा कोट शिवायला टाकला होता."

"होय."

"जाण्याआधी. आणि तुम्हाला म्हणाले, घाई नाही, पण झाला की तुम्ही स्वतः नेऊन द्या."

"होय," काका म्हणाले. आपल्याला काय विचारणार हे माहीत असल्यासारखे ते आता निवांत झाले होते.

पानभर भाषण. नायक इतकी वर्षं समोर उभा राहून ते ऐकत आला होता. त्याच्या नकळत सहावी प्रत तयार झाली होती. तो एकेक वाक्य प्रश्न करून विचारत होता आणि काका एकेक 'होय' देत होते, जणू भाषण त्यांचंच आहे आणि नायक फक्त खात्री करून घेतोय.

"माप द्यायला मी घरी नव्हतो. म्हणून त्यांनी हातानं उंची दाखवली. एवढी." नायकानं बसल्याबसल्या हात डोक्यावर नेला.

काकांनी त्या हाताकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले.

आत्या विंगेत पानं मागेपुढे करायला लागली. मला इथून दिसत होतं.

काकांनी आपला हात खुर्चीच्या कडेला धरला. बैठकीपेक्षा जरासा वर. "एवढी."

"एवढी तर..." नायक थांबला. "तेव्हा मी लहान असेन."

"ते मला काय माहीत. त्यांनी एवढीच दाखवली."

नायकानं कोट उचलून उलगडला. कोट मोठ्या माणसाचा होता. "मग हा एवढा मोठा कसा?"

"वाढत्या अंगाचा शिवला," काका म्हणाले.

प्रेक्षकांत हसू सुरू झालं आणि मधेच थांबलं. नायकानं कोट घातला. पुढचं वाक्य त्याचं होतं, ते दोन्ही संहितांत होतं, तरी त्याला म्हणता आलं नाही. इथं दिवे मंद करायचे की नाही हे उजेडच्या प्रतीत नव्हतं, म्हणून त्यानं कशालाच हात लावला नाही. पडदा कुणी पाडला, यावर अजून एकमत नाही.

नंतर रंगपटात दोन पुढारी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे तीन होते," आत्या म्हणाली.

"माझ्याकडेही तीन होते," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. ते आरशासमोर बसून चहा पीत होते आणि प्रयोग चांगला झाला असं आरशाला सांगत होते. पाच माणसांत सहा होकार. गणितात याला चूक म्हणतात. आमच्या घरात काका म्हणतात.

"दादा स्वतः हो म्हणाला? स्वतःला काढायला?" आत्यानं हळू विचारलं.

"पट्टी मागून घेतली."

तिनं काकांची प्रत घेतली आणि शिंप्याचं पान आरशाच्या दिव्यापाशी तिरकं धरलं. पेन्सिल गेली होती, पण रेघांचे खड्डे राहिले होते. किती दाबून मारल्या होत्या ते दिसत होतं. तिनं पान मिटलं आणि बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आता पद्धत काय म्हणते?" नायकानं मला विचारलं. तो अजून कोटात होता.

पद्धत स्वच्छ आहे. ज्या प्रतीला आपण काय मान्य केलं ते आठवत नाही, तिनं मत द्यायचं नाही. ती इतरांकडून ऐकू शकते, उतरवून घेऊ शकते, काम करू शकते. फक्त तिचा होकार मोजायचा नाही. मी हे शक्य तितक्या कोरडेपणानं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता आलं नसतं.

चौघांनी नवा ठराव केला: शिंप्याचा प्रवेश राहील. भाषण नायक विचारेल. शिंपी जे म्हणेल ते.

"'शिंपी जे म्हणेल ते' असं मी संहितेत लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "मी लेखिका आहे."

मग त्यांनी लिहिलं. शाईनं. चार होकार.

परतीच्या बसमध्ये काकांच्या शेजारी मी बसले.

"काका, यापुढे तुमचं मत मोजायचं नाही असं ठरलंय."

"बरं. आणि कोट?"

"तो तुम्हीच द्यायचा."

"मग मत ठेवा तुमच्याकडेच. मी कुठे सांभाळत बसू." थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "मधे मला काढायचं चाललं होतं ना?"

असं काही त्यांच्या लक्षात राहील असं मला वाटलं नव्हतं. नेमकं तेवढंच राहिलं होतं.

"हो."

"कोण कोण हो म्हणालं?"

"बाई. नायक."

"आणि?"

मी रस्त्याकडे बघितलं. "आणि कुणी नाही."

"दोनच?" काका हसले. फार बरं वाटल्यासारखे हसले. "मग झालंच नाही ते. तिघं लागतात."

प्रयोग चालू आहेत. काका बहुतेक वेळा 'होय' म्हणतात. मापाचं ते वाक्य पुन्हा आलं नाही. एकदा नायकाला म्हणाले, "आधी चहा कर," आणि नायकानं रंगमंचावर चहा केला. प्रेक्षक थांबले. माझी अडचण वेगळी आहे. कोण कोण हो म्हणालं, हा प्रश्न काका अजून विचारतात. सगळ्यांना विचारतात, आणि आमची उत्तरं जुळत नाहीत. आत्या म्हणते दोघं. नायक स्वतःला वगळून एक म्हणतो. उजेड म्हणतो, मी तेव्हा टॉवरखाली होतो. आणि बाईंना लिहिताना खोटं जमतं, बोलताना जमत नाही. त्यांनी खरं सांगितलं. काका म्हणाले, "मी?" आणि दिवसभर संहिता उघडली नाही. दुसऱ्या दिवशी विसरले, आणि चहा पिताना पुन्हा बाईंनाच विचारलं. त्यांनी पुन्हा खरं सांगितलं. काकांना ते दर वेळी पहिल्यांदाच कळतं.

म्हणून मी आमच्या कंपनीच्या मानक समितीकडे अर्ज केला आहे. एकदा पक्की झालेली नोंद कुणालाही बदलू न देणं हे समितीचं एकमेव काम आहे. अर्ज पुढीलप्रमाणे.

"विषय: पक्क्या झालेल्या एका होकाराबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पाचव्या प्रतीने स्वतःस वगळण्याच्या प्रस्तावास दिलेला होकार विधिवत, पूर्ण समजुतीने व पट्टीच्या साहाय्याने दिलेला असून त्याच्या खरेपणाबद्दल अर्जदाराचा कोणताही आक्षेप नाही. तथापि, सदर होकार कोणी दिला याची विचारणा सदर प्रतीकडून वारंवार होत असून प्रत्येक उत्तराने तिला प्रथमच दुखापत होते. सबब, सदर होकार मूळ दिनांकापासून कधीही देण्यात आला नव्हता असे समजण्यास, तसेच उर्वरित चारही प्रतींनी तो एकाच वेळी, कायमचा व एकमेकींशी तंतोतंत जुळेल अशा रीतीने विसरण्यास समितीने तातडीने लेखी मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती."